तोल फळीचा आणि तोल आपला

न्यू जर्सीत मुलीकडे सहा महिन्यांसाठी गेलेल्या एका वाचक आजोबांचे पत्र समोर आहे. वय 71, मधुमेह आटोक्यात, हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी रक्त पातळ करणारी गोळी सुरू. नातवाकडे दोन चाकांची, पायांखाली घेऊन उभे राहण्याची विजेवरची फळी आहे. तिला होव्हरबोर्ड म्हणतात. ‘नातू रोज म्हणतो, आजोबा, एकदा उभे तर राहा, ती आपला तोल आपणच सांभाळते,’ असे ते लिहितात. पुढे ओघातच दोन गोष्टी येतात. रात्री ही फळी त्यांच्या खोलीच्या दाराबाहेर चार्जिंगला लावलेली असते. आणि नातवासाठी नवी घ्यायची असल्याने ही जुनी पुण्याच्या धाकट्या नातवाला सामानातून न्यावी, असे घरात ठरत आहे. त्यांचा प्रश्न एकच आहे : या वयात उभे राहून पाहावे का?

पाहू नये. पण नातवाला नुसता नकार पटणार नाही, कारण सांगावे लागेल. आणि न विचारलेल्या दोन गोष्टी विचारलेल्या गोष्टीहून अधिक गंभीर आहेत.

या फळीच्या दोन चाकांना दोन स्वतंत्र मोटारी असतात आणि प्रत्येक पायाखालच्या भागात कल मोजणारे संवेदक असतात. पंजा दाबला की त्या बाजूचे चाक पुढे फिरते, टाच दाबली की मागे. उभा माणूस पुढे झुकला तर चाके पुढे धावतात आणि झुकलेल्या देहाला खालून गाठतात. तिच्या ‘स्वयंसंतुलना’चा अर्थ एवढाच. सावरण्याची एकच रीत तिला ठाऊक आहे, ती म्हणजे धावणे. आपली रीत नेमकी उलटी आहे. तोल जातोय असे वाटले की आपण पंजे आवळतो, अंग ताठ करतो, भिंतीच्या किंवा खुर्चीच्या दिशेने झुकतो. आपल्या लेखी ही सावरण्याची धडपड असते. फळीच्या लेखी तो वेग वाढवण्याचा हुकूम असतो. तरुण मेंदू ही नवी भाषा दोन-चार दिवसांत शिकतो. ज्यांच्या तळपायांची संवेदना मधुमेहाने मंदावली आहे, ज्यांचा आतला कान आणि गुडघे पूर्वीसारखे तत्पर राहिलेले नाहीत, त्यांनी ती शिकण्याच्या भरीस पडू नये.

चढणे आणि उतरणे हे दोन क्षण सर्वांत वाईट. पहिला पाय ठेवताच तेवढेच चाक फिरते आणि फळी जागच्या जागी गिरकी घेते. उतरताना पाऊल मागे टाकावे लागते, आणि आपण तर जन्मभर पायरीवरून पुढे पाऊल टाकत उतरलो. मी हे पुस्तकातून सांगत नाही. भाच्याच्या घरी, सोफ्याची पाठ धरून, एक पाय ठेवण्याचा शहाणपणा मीही केला होता. सोफा होता म्हणून त्यावर बसलो. सगळे हसले, मीही हसलो, पण मनगट आठवडाभर दुखत होते आणि ते मी कोणाला सांगितले नाही.

मुलेही पडतातच. 2015 आणि 2016 या दोन वर्षांत अमेरिकेत होव्हरबोर्डवरून झालेल्या इजांमुळे तातडीच्या उपचार विभागात आलेल्या मुलांची संख्या सुमारे 27 हजार होती, असा अंदाज ‘पीडिॲट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत अस्थिभंग मोठ्या प्रमाणावर होते आणि मनगटाचे विशेष. मुलांची हाडे मात्र लवकर सांधतात. साठीनंतर फळी पुढे निसटून माणूस पाठीवर पडला, तर मार बसतो तो खुब्याला, मणक्याला किंवा डोक्याच्या मागच्या भागाला.

येथे थोडे थांबून काळजीवाहकांशी बोलायला हवे. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या व्यक्तीच्या डोक्याला मार बसला, तर बाहेर जखम नसली, टेंगूळ नसले, व्यक्ती नीट बोलत असली, तरी त्याच दिवशी रुग्णालयात दाखवावे आणि गोळीचे नाव तेथे सांगावे. मेंदूच्या आवरणाखाली रक्त हळूहळू साचू शकते. डोकेदुखी, उलटी, गुंगी, बोलण्यातला गोंधळ ही लक्षणे काही तासांनी, क्वचित काही दिवसांनीही दिसतात. परदेशी मुलांकडे राहणारी वडीलधारी माणसे पडल्याचे लपवतात. तेथल्या रुग्णालयाचे बिल, प्रवासविम्याच्या अटी, मुलांची सुट्टी, हे सारे त्यांच्या मनात असते. मुलांनी हे जाणून आधीच विम्याचे कागद त्यांच्यासमोर उघडून ठेवावेत आणि ‘पडलात तर आधी आम्हाला सांगा’ असे स्पष्ट म्हणावे.

‘यंत्र चांगल्या कंपनीचे आहे’ या वाक्यानेही फार निर्धास्त होऊ नये. या फळीची थोरली बहीण म्हणजे 2001 मध्ये अमेरिकेत आलेली, हाताने धरण्याचा दांडा असलेली सेगवे. ती बरीच महाग आणि काळजीपूर्वक बनवलेली. तरीही 2003 मध्ये सुमारे 6 हजार सेगवे परत बोलवाव्या लागल्या. बॅटरी संपत आली की यंत्राला स्वाराचा तोल राखण्यापुरती ताकद मिळत नसे आणि माणूस पडे. 2006 मध्ये पुन्हा सुमारे 23,500 यंत्रे परत बोलवली गेली. या वेळी चाके अचानक उलटी फिरण्याचा दोष होता. 2010 मध्ये त्या कंपनीचे मालक जिमी हेसेल्डन, वय 62, इंग्लंडमध्ये सेगवेवरून जात असता कड्यावरून कोसळून गेले. विजेच्या जोरावर उभे राहणाऱ्या यंत्राची वीज कमी पडली की ते आडवे होते. सायकलसारखे ते हळूहळू थांबत नाही. स्वस्त फळीच्या बाबतीत ही शक्यता कमी होत नाही.

आता दाराबाहेरच्या चार्जिंगकडे वळू. फळीत लिथियम-आयन बॅटरी असते, बहुधा वीस लहान सेलची जुडी. प्रत्येक सेलच्या आत दोन विद्युतध्रुवांमध्ये अतिशय पातळ पडदा असतो. निकृष्ट घडण, आपटल्याने बसलेला पिचका किंवा चुकीच्या चार्जरने झालेला अतिभार यांमुळे तो फाटला की सेल तापते, तिच्या उष्णतेने शेजारची तापते, आणि मग ही साखळी थांबवणे घरच्या माणसाच्या हातात राहत नाही. धूर विषारी असतो आणि ज्वाला काही सेकंदांत भडकते. जुलै 2016 मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने 10 कंपन्यांच्या सुमारे 5 लाख फळ्या परत बोलावल्या. त्याआधी बॅटरी तापण्याच्या, पेटण्याच्या, फुटण्याच्या 99 तक्रारी आल्या होत्या. मार्च 2017 मध्ये पेनसिल्व्हेनियातील हॅरिसबर्ग येथे चार्जिंगला लावलेल्या फळीपासून लागलेल्या आगीत दोन लहान मुली गेल्या. 2022 मध्ये त्याच राज्यातल्या हेलरटाउन येथे घराला आग लागून 10 आणि 15 वर्षांच्या दोन बहिणी गेल्या. आगीचा उगम होव्हरबोर्डपाशी असल्याचे आढळले आणि पुढच्या वर्षी त्या प्रकारच्या सुमारे 53 हजार फळ्या परत बोलावण्यात आल्या.

आता आपली खोली डोळ्यांपुढे आणा. रात्रीची झोपेची गोळी, अंधारात चष्मा शोधणे, उठताना गुडघ्यांना लागणारा वेळ, आणि बाहेर पडण्याच्या एकमेव दारापाशी चार्जिंगला लावलेली फळी. ती जागा आजच बदलायला सांगा. चार्जिंग दिवसा, घरात कोणी जागे असताना, टणक फरशीवर, गालिचा, पडदे आणि बिछान्यापासून दूर व्हावे. पूर्ण झाले की चार्जर काढावा. चार्जर मूळचाच असावा. फळीवर ‘यूएल 2272’ ही खूण आहे का ते पाहावे. 2016 पासूनच्या या मानकात बॅटरी, चार्जर आणि विद्युतरचना एकत्र तपासली जाते, म्हणजे आगीचा धोका पुष्कळ घटतो. पडण्याशी तिचा संबंध नाही. बॅटरीचा भाग फुगला, विचित्र वास आला, सुरसुर ऐकू आली किंवा चार्जिंगविना ती गरम लागली, तर तिचा वापर संपला असे समजावे. धूर दिसला तर ती उचलून बाहेर नेण्याच्या फंदात न पडता सर्वांनी बाहेर पडावे, जाताना दार ओढून घ्यावे आणि अमेरिकेत 911, येथे 112 किंवा 101 क्रमांकावर कळवावे. आपल्याकडे विजेच्या स्कूटरची बॅटरी वर घरात आणून चपलांच्या कपाटाशेजारी लावतात. तिलाही हेच लागू आहे.

नातवाला नाराज करण्याचे कारण नाही. तो शिरस्त्राण आणि मनगटाची पट्टी घालून अंगणात चालवील, आपण खुर्ची टाकून पाहावे. पाहणाऱ्यालाही काम आहे : बोटे चाक आणि त्यावरच्या आच्छादनाच्या फटीत अडकतात, तेव्हा धाकट्या मुलांना चालू फळीला हात लावू देऊ नये.

राहता राहिले सामान. डिसेंबर 2015 मध्येच डेल्टा, युनायटेड आणि अमेरिकन या विमान कंपन्यांनी होव्हरबोर्ड नेण्यास मनाई केली, ना तपासणीच्या सामानात ना हातातल्या; इतर अनेक कंपन्यांचेही धोरण तसेच आहे. कारण तेच, बॅटरी. पुण्याच्या नातवाला तेथून दुसरे काही न्यावे. नवी आल्यावर जुनी फळी कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. तेथील नगरपालिकेचे घातक कचऱ्याचे संकलन केंद्र ती स्वीकारते का, हे मुलीला आधी फोन करून विचारायला सांगावे आणि तोवर ती घराबाहेर, सुक्या जागी ठेवावी.