'नेहमीचा' रोग आणि साथ

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढे ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. प्रवाशांची तपासणी करण्याचे, संशयितांना अलग ठेवण्याचे अधिकार सरकारने घेतले. मात्र 'धोकादायक साथरोग' कशाला म्हणावयाचे, याची व्याख्या त्या कायद्यात नव्हती. हाच कायदा २०२० साली कोरोनाच्या वेळी पुन्हा वापरण्यात आला.

शास्त्राची व्याख्या वेगळी आहे. एखाद्या ठिकाणी, विशिष्ट काळात, नेहमी अपेक्षित असतात त्याहून स्पष्टपणे अधिक रुग्ण आढळले की ती साथ. त्यासाठी ठरावीक आकडा नाही. पोलिओ हद्दपार झालेल्या देशात एक रुग्णही धोक्याची सूचना ठरतो; उलट जेथे दरवर्षी शेकडो लोक हगवणीने आजारी पडतात, तेथे शेकडो हे 'नेहमीचेच' ठरतात. १९९४ साली सुरतेत प्लेगने पन्नासच्या आसपास माणसे दगावली आणि लाखो लोक शहर सोडून गेले. २०२३ साली देशात क्षयरोगाचे सुमारे २८ लाख नवे रुग्ण झाले, तीन लाखांहून अधिक मृत्यू झाले. परंतु त्याला सहसा साथ म्हटले जात नाही. कारण तो दरवर्षीचाच आहे, आणि बहुतांशी कोंदट खोल्यांतून राहणाऱ्या, अर्धपोटी श्रमिकांचा आहे.

शिवाय 'नेहमीचे' किती, हे कळण्यासाठी मोजणी लागते. २००४ साली देशात एकात्मिक रोग सर्वेक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला खरा. पण जेथे प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाची जागाच रिकामी आहे, तेथे डेंग्यू असो वा विषमज्वर, वहीत नोंद होते ती नुसत्या 'तापा'ची. अशा वस्तीत साथ जाहीर होण्यापूर्वीच येऊन गेलेली असते. उलट, तपासण्या वाढल्या म्हणूनही आकडे फुगू शकतात, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. म्हणून नुसत्या ओरडीने भागणार नाही.

कार्यकर्त्यांनी आपापल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन या आठवड्याचे रुग्ण आणि मागील पाच वर्षांतील याच आठवड्याचे रुग्ण, असे दोन्ही आकडे फलकावर लावण्याचा आग्रह धरावा. आकडा वाढला असेल, तर उपाययोजनेची मागणी तत्काळ करता येईल. आणि तो वाढला नसेल, तरी दरवर्षी इतकी माणसे का आजारी पडतात, हा प्रश्न विचारावाच लागेल. शुद्ध पाणी, गटारे आणि पोटभर अन्न यांसाठी साथ जाहीर होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.