पुस्तक माझं, शब्द लेखकाचे



दहावीचा निकाल लागला, की आपल्या माण तालुक्यात जुन्या पुस्तकांची देवघेव सुरू होते. दहिवडी असो नाहीतर म्हसवड, कुणाच्या तरी ताईकडून निम्म्या किमतीत संच घ्यायचा, वर्षभर जपून वापरायचा आणि पुढच्याला द्यायचा. दुष्काळी मुलखात या रीतीचा केवढा आधार असतो, ते आईवडिलांना विचारा.

पण परवा एका मुलीने शंका काढली, "गुरुजी, दादाच्या गाइडवर 'सर्व हक्क राखीव' असं छापलंय. मग ते विकलं तर चोरी होते का हो?"

शंका झकास आहे! उत्तर आधी सांगतो : चोरी मुळीच होत नाही. का, ते पाहू.

समजा, तुमच्या आजोबांनी बाजारातून खिल्लार खोंड विकत आणला आणि दोन वर्षांनी विकला. तर मूळ मालक 'माझा वाटा द्या' म्हणत दारात येतो का? नाही ना? तसंच पुस्तकाचं. पैसे मोजून घेतलेली प्रत तुमची झाली. ती वाचा, मैत्रिणीला द्या, नाहीतर विका.

यावर अमेरिकेत मोठा खटला झाला होता. एका प्रकाशकाने कादंबरीत छापलं, की एक डॉलरपेक्षा कमी किमतीला ही विकायची नाही. मेसी नावाच्या दुकानाने ती ८९ सेंटला, म्हणजे ११ सेंट स्वस्त विकली. १९०८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की एकदा विकलेल्या प्रतीची पुढची किंमत प्रकाशकाने ठरवायची नाही.

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. पुस्तकाच्या नव्या प्रती बाजारात आणायचा हक्क त्याने लेखकाला दिला. पण एकदा विकलेली प्रत चलनात आलेलीच मानायची, असंही त्यात म्हटलं आहे. म्हणून जुन्या पुस्तकांचे दुकानदार उजळ माथ्याने धंदा करू शकतात.

मग राखीव काय? तर शब्द! एका बैलाचे दहा बैल झेरॉक्सच्या यंत्रातून निघत नाहीत. पुस्तकाच्या मात्र दहा काय, हजार प्रती निघतात. अभ्यासापुरती चार पानं उतरवून घ्यायला कायदा आडकाठी करत नाही. पण अख्खं पुस्तक छापून विकलं, तर लेखकाच्या कष्टाचा दाम बुडतो. रस्त्यावरची पुसट छपाईची स्वस्त नवी पुस्तकं पुष्कळदा अशीच चोरून छापलेली असतात. या गुन्ह्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. म्हणजे जुनं पुस्तक घेणं हा व्यवहार, आणि चोरून छापलेलं नवं पुस्तक विकणं हा गुन्हा!

हा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं चालतो. 'माणदेशी माणसं' लिहिणारे व्यंकटेश माडगूळकर २००१ साली गेले. ६० वर्षं पुढच्या जानेवारीपासून मोजायची. म्हणजे त्यांच्या लेखनावरचा हक्क २०६१ च्या अखेरपर्यंत.

आता मोबाइलवरच्या पुस्तकाचं काय? तिथे बहुधा प्रत विकत मिळत नाही, वाचायची परवानगी तेवढी मिळते. २००९ साली अॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तकं वाचकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर काढून घेतली होती. विकणाऱ्यालाच हक्क नव्हता, असं कारण दिलं आणि पैसेही परत केले. पण पुस्तक तेव्हा न विचारता गेलंच. कपाटातलं कागदी पुस्तक असं कुणी परस्पर नेऊ शकत नाही. म्हणून पालकहो, मोबाइलवर पुस्तकाचे पैसे भरण्याआधी अटी वाचा.

जाता जाता एक गणित. साने गुरुजी १९५० साली गेले. मग 'श्यामची आई'वरचा हक्क कोणत्या साली संपला? आधी वहीत सोडवा, मगच खाली बघा.

(उत्तर : २०१० च्या अखेरीस.)