सर्र्याचा परजीवी, गोठा आणि ताप

पावसाळ्यात गोठ्यात गोमाशा वाढल्या की अमरावती-अकोल्याकडच्या पशुपालकाला सर्र्याची धास्ती वाटते. जनावराला अधूनमधून ताप येतो, ते रोडावते, कधी गरगर फिरून कोसळते. हा आजार माणसाला होत नाही, असेच वैद्यकाची पुस्तके सांगत. पण २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात, पाच महिने येऊन-जाऊन असलेल्या तापानंतर, सर्र्याचाच परजीवी सापडला: ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय. जगातली ही पहिली सिद्ध नोंद. सुरामिन या औषधाने तो बरा झाला.

हा परजीवी आफ्रिकेतल्या निद्रारोगाच्या जंतूचा जवळचा नातलग. तो जंतू त्से-त्से माशीच्या पोटात वाढतो आणि तिथे त्याला मायटोकॉन्ड्रियातली, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरातली, जनुके लागतात. ती असतात एकमेकांत अडकलेल्या डीएनएच्या मोठ्या कड्यांवर. सर्र्याच्या जंतूने ही मोठी कडीच गमावली. जनावराच्या रक्तात आयती साखर मिळते, त्यामुळे त्याचे काही अडत नाही. त्से-त्से माशीत मात्र तो आता वाढू शकत नाही. गोमाशीच्या रक्ताळलेल्या सोंडेवरून, न उकळलेल्या सुईने रोग पसरावा तसा, तो एका जनावरातून दुसऱ्यात जातो. म्हणूनच आफ्रिका सोडून तो आशियाभर पसरू शकला. गमावण्यातही असा फायदा असतो!

सगळ्या परजीवींचे असे नाही. मेळघाटातल्या हिवतापाच्या जंतूच्या मायटोकॉन्ड्रियात जेमतेम सहा हजार अक्षरांचा डीएनए आणि प्रथिनांची तीनच जनुके (माणसात १३), पण तीही त्याला सोडता येत नाहीत. अ‍ॅटोव्हाक्वोन हे औषध त्यांतल्याच एका जनुकाच्या प्रथिनावर घाव घालते. उलट, या डीएनएवाचून जगायला शिकलेले ट्रिपॅनोसोमा आयसोमेटामिडियमसारख्या पशुऔषधांनाही दाद देईनासे होतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे.

चंद्रपूरच्या त्या शेतकऱ्याच्या रक्तात एपीओएल-१ हे संरक्षक प्रथिन जन्मतःच नव्हते, हे २००६ मध्ये कळले आणि अनेकांनी सुटकेचा श्वास टाकला. तो घाईचा होता. पुढे व्हिएतनाममध्ये हे प्रथिन व्यवस्थित असलेल्या एका महिलेलाही लागण झाली. शेतकऱ्याच्या गावात १,८०६ जणांची रक्ततपासणी केली, तेव्हा ४१० जण प्राथमिक चाचणीत आणि त्यांतले ८१ जण फेरतपासणीत पॉझिटिव्ह आले. ज्यांची चाचणी तीव्र होती त्यांच्या रक्तात जंतू शोधला, तो कुणातच सापडला नाही. म्हणजे आजार दुर्मीळ, पण जंतूशी गाठ पडणे तितके दुर्मीळ नसावे.

खरी अडचण तपासणीची आहे. हिवतापाच्या झटपट किटमध्ये फक्त हिवतापाचीच प्रथिने ओळखली जातात. ट्रिपॅनोसोमा दिसतो तो काचपट्टीवर, सूक्ष्मदर्शकाखाली. किट आले तशी काचपट्टी पाहण्याची सवय मागे पडते आहे. ताप पुन्हापुन्हा येतो, किट निगेटिव्ह आहे आणि घरी जनावरे आहेत, अशा रुग्णाची काचपट्टी तंत्रज्ञाने निवांत पाहावी आणि गोठ्यात कुणी आजारी आहे का, हेही विचारावे. पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्था तर अकोल्यातच आहे.