घरचा पाव चांगलाच, पण त्यातला सोडाही मोजा

"डॉक्टर, बीपीसाठी वरचं मीठ बंद केलंय. बाहेरचा ब्रेडही बंद. आता आयरिश सोडा ब्रेड घरीच करते. तो चालेल ना?"

चालेल. पण 'घरचं' म्हणजे 'हवं तेवढं' असं नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

आधी हा पाव समजून घ्या. आयर्लंडच्या दमट हवेत पिकणारा गहू मऊ, कमी ग्लुटेनचा. यीस्टने तो नीट फुगत नाही. 19व्या शतकात खायचा सोडा स्वस्तात मिळू लागला आणि खेड्यातल्या बायकांना सोपा मार्ग सापडला. लोणी काढून उरलेलं ताक घरात असायचंच. पीठ, मीठ, सोडा आणि ताक हलक्या हाताने कालवायचं, वर सुरीने फुलीची चीर द्यायची आणि झाकणाच्या लोखंडी भांड्यात, झाकणावरही निखारे ठेवून भाजायचं. ना तासन्‌तास आंबवणं, ना प्रिझर्व्हेटिव्ह. कोंड्यासकट पिठाचा असेल तर फायबरही मिळतं. हे सगळं मला मनापासून आवडतं.

आता दुसरी बाजू. ताकातलं आम्ल आणि सोडा एकत्र आले की वायू तयार होतो, त्याने पाव फुगतो. वायू उडून जातो, सोडियम मात्र पावातच राहतं. एक चमचा (5 मिली) सोड्यात सुमारे 1200 मिलिग्रॅम सोडियम असतं आणि तेवढ्याच मिठात सुमारे 2300. अर्धा किलो पिठाच्या पावात दोन्ही एकेक चमचा घातले आणि 12 तुकडे केले, तर एका तुकड्यात जवळजवळ 300 मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे दिवसाला 2000. तीन तुकडे आणि वर खारं लोणी म्हणजे निम्मा हिशेब नाश्त्यालाच संपला!

मग काय करायचं? फुगण्यासाठी सोडा लागतो, मीठ लागत नाही. म्हणून आधी मीठ काढा. लोणी बिनमिठाचं घ्या. एक-दोन तुकड्यांवर थांबा. हृदय किंवा किडनीचा आजार असेल, तर प्रमाण तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. हाच नियम आपल्या ढोकळ्याला आणि भज्यांनाही लागू.

घरी करण्याचा खरा फायदा चवीपेक्षा मोठा आहे: आत काय आणि किती पडतंय, ते तुमच्या हातात असतं. तो हात जरा आखडता घ्या.