परदेशातल्या मुलाला ‘ते पाकीट’ आलं का, विचारा

गिरगाव-दादरमध्ये आता प्रत्येक इमारतीत कुणाचा तरी भाऊ नाहीतर मुलगा लंडनला असतो. सुट्टीत आला की ‘जरा बीपी बघता का, डॉक्टर’ म्हणत दवाखान्यात डोकावतो. पन्नाशी उलटलेली असेल तर मी हमखास विचारतो: घरी आलेलं शौचतपासणीचं पाकीट परत पाठवलंत का?

बहुतेक जण हसतात. ‘शी! पोस्टाने कसली पाठवायची ती घाण?’ एका वहिनींनी तर नवऱ्याचं पाकीट परस्पर कचऱ्यात टाकलं होतं.

इंग्लंडमध्ये ५० ते ७४ वयाच्या लोकांना दर दोन वर्षांनी सरकारी आरोग्यसेवेकडून हे पाकीट मोफत येतं. काडीने शौचाचा कणभर नमुना घ्यायचा, नळीत बंद करायचा, पोस्टात टाकायचा. उपास नाही, पथ्य नाही. डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात शोधतात. ते सापडलं म्हणजे कॅन्सरच, असं मुळीच नाही. मग दुर्बिणीने मोठं आतडं तपासतात. आतल्या अस्तरावर पॉलिप, म्हणजे छोटी गाठ, दिसली तर बहुतेकदा तिथेच काढून टाकता येते. अशा गाठीचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं जातात. एवढा अवधी देणारे कॅन्सर फार नाहीत!

तरीही तिथल्या दक्षिण आशियाई लोकांचा प्रतिसाद इतरांपेक्षा कमी, असं ब्रिटनमधल्या अभ्यासांत दिसलं आहे. भाषेची अडचण असेल. पण आपल्या माणसांच्या बाबतीत मला लाजच मोठी वाटते. आणि दुसरं, ‘आम्ही शाकाहारी, आम्हाला कुठला होतोय?’ शाकाहार हे कवच नव्हे. भारतात हा कॅन्सर पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आढळतो हे खरं, पण देश बदलला, राहणीमान बदललं की धोकाही वाढू शकतो.

इथे, परळला टाटा हॉस्पिटल १९४१ पासून उभं असूनही, आपल्याला असं पाकीट घरी येत नाही. राष्ट्रीय तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे, आतड्याचा नाही. म्हणून शौचावाटे रक्त गेलं, शौचाची सवय बदलली, विनाकारण वजन किंवा हिमोग्लोबिन घटलं, तर ‘मूळव्याध असेल’ म्हणत मलम लावत बसू नका. दाखवून घ्या. लंडनकरांनीही अशा वेळी पुढच्या पाकिटाची वाट पाहायची नाही.

रविवारी व्हिडिओ कॉल आला की ‘जेवलास का?’ नंतर हेही विचारा. हरवलं म्हणाला तर सांगा, फोन करून दुसरं मागवता येतं.