दीडपट जानेवारी

ब्रिटनमध्ये नोकरी करणाऱ्या माणसाला प्राप्तिकर जवळजवळ दिसतच नाही. पगाराच्या चिठ्ठीवर एक रक्कम वजा झालेली असते, ती पाहून जीव थोडा चुटपुटतो आणि विषय संपतो. बहुतेक नोकरदारांना विवरणपत्रसुद्धा भरावं लागत नाही. दर जुलैत फॉर्म सोळा घेऊन सीएच्या पायऱ्या चढलेल्या आपल्या माणसांना हे फार सुखाचं वाटतं. मग त्यांतलं कुणी नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू करतं. कुणी योगाचे वर्ग घेतं, कुणी घरून सॉफ्टवेअर लिहितं, कुणी माझ्यासारखी दुभाषाची कामं करते. पैसे पूर्ण हातात येऊ लागतात. वर्ष-दीड वर्ष आनंदात जातं आणि ३१ जानेवारी उगवते.

ही इथल्या 'सेल्फ असेसमेंट'ची शेवटची तारीख. आदल्या ५ एप्रिलला संपलेल्या वर्षाचं विवरणपत्र त्या रात्रीपर्यंत ऑनलाइन गेलं पाहिजे आणि पैसेही. एक दिवस उशीर झाला तर शंभर पौंड दंड, कर शून्य निघत असला तरीही. तीन महिने उलटले की रोज दहा पौंड, कमाल नव्वद दिवस. नाताळच्या दिवशी किती जणांनी विवरणपत्र भरलं याचा आकडा एचएमआरसी, म्हणजे इथलं कर खातं, दरवर्षी हौसेनं जाहीर करतं. त्यात हिंदू किती, हा आकडा मात्र मिळत नाही. मला अंदाज आहे.

हिशोब तसा अवघड नाही. २०२४-२५मध्ये खर्च वजा जाता एखादीचा नफा ३०,००० पौंड झाला असं धरू. पहिले १२,५७० पौंड करमुक्त. २०२१पासून ही मर्यादा तिथेच थिजून बसली आहे. उरलेल्या १७,४३० पौंडांवर २० टक्क्यांनी ३,४८६ पौंड प्राप्तिकर आणि ६ टक्क्यांनी नॅशनल इन्शुरन्सचे साधारण १,०४६. एकूण ४,५३२. (स्कॉटलंडात प्राप्तिकराचे दर वेगळे आहेत, ते इथे सोडून देऊ.) हे गणित सातवीतलं मूल करील. पण पडद्यावर जी रक्कम येते ती असते सुमारे ६,८०० पौंडांची! कारण देणं हजार पौंडांच्या वर गेलं आणि त्यातला बहुतेक कर आधीच कापला गेलेला नसला, की चालू वर्षाचा ॲडव्हान्सही मागतात: गेल्या वर्षाच्या कराच्या निम्मा जानेवारीत, निम्मा ३१ जुलैला. पहिल्या खेपेला त्यामुळे दीडपट. जिला कुणी हे सांगितलेलं नसतं, ती आकडा चुकला म्हणून विवरणपत्र पुन्हा पहिल्यापासून तपासत बसते. आकडा बरोबरच असतो.

माझं म्हणणं असं की इथे माणसाला कराचा दर मारत नाही, कॅलेंडर मारतं. भारतात व्यावसायिकाचा ॲडव्हान्स टॅक्स त्याच आर्थिक वर्षात जूनपासून हप्त्याहप्त्यानं जातो आणि १५ मार्चपर्यंत पुरा होतो. तेव्हा तो जाचक वाटतो, पण पैसा कमावणं आणि कर भरणं एकाच ऋतुचक्रात होतं. इथे पहिल्या वर्षी मे २०२४मध्ये मिळालेल्या पैशांवरचा कर जानेवारी २०२६मध्ये द्यायचा. मधल्या वीस महिन्यांत ते पैसे घरभाड्यात गेलेले असतात, मुंबईच्या तिकिटांत गेलेले असतात, एखाद्या भाच्याच्या लग्नात गेलेले असतात. ते आपले होते कुठे, हे बँकेच्या खात्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

उपाय कंटाळवाणा आहे, तरी सांगते. दुसरं बचत खातं उघडायचं आणि बिलाचे पैसे आले की त्याच दिवशी त्यातला चौथा हिस्सा तिकडे टाकायचा. महिनाअखेरीला नाही, त्याच दिवशी. नफा पन्नास हजारांच्या पुढे जाणार असेल तर तिसरा हिस्सा, कारण ५०,२७०नंतर दर ४० टक्क्यांवर उडी घेतो. सरकारचे पैसे असे वर्षभर आपल्याकडे राहतात आणि त्यावरचं व्याज आपल्याला मिळतं. मूळ दरानं कर भरणाऱ्याला वर्षाकाठी हजार पौंडांपर्यंतच्या व्याजावर करही नाही. दर महिन्याला थोडे थोडे पैसे थेट कर खात्याकडे जमा करण्याची अधिकृत सोयही आहे, पण मग ते व्याज सरकारजमा होतं, म्हणून मला ती पटत नाही. आणि उत्पन्न घटलं असेल तर ॲडव्हान्स कमी करून मागता येतो. फारच कमी केला तर फरकावर व्याज लागतं, एवढं लक्षात ठेवावं.

५ एप्रिल ही तारीख कुठून आली, हे पाहण्यासारखं आहे. इंग्लंडचं जुनं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. १७५२मध्ये त्यांनी कॅलेंडर सुधारलं आणि सप्टेंबरातले अकरा दिवस गाळून टाकले. २ तारखेला झोपलेले लोक १४ला उठले. कर गोळा करणाऱ्यांना मात्र अकरा दिवसांचं उत्पन्न सोडवेना, त्यांनी आपलं वर्ष अकरा दिवस पुढे नेलं, अशी हकिगत सांगतात. तपशिलावर इतिहासकार अजून भांडतात. प्राप्तिकर आला त्यानंतर, १७९९मध्ये, फ्रान्सशी युद्ध करायला पैसे हवेत म्हणून. कायद्याच्या भाषेत तो अजूनही तात्पुरता कर आहे आणि संसद दरवर्षी तो नव्यानं लावते. १८६०मध्ये हाच कर भारतात नेला जेम्स विल्सन नावाच्या स्कॉटिश गृहस्थानं, सत्तावन्नच्या उठावानंतर रिकामी झालेली तिजोरी भरायला. त्याच वर्षी तो कलकत्त्यात वारला. कर राहिला.

भारतातल्या आणि इथल्या करवर्षांमधल्या पाच दिवसांचा त्रास इथल्या मराठी माणसाला होतोच. पुण्यातली बँक व्याजाचा दाखला देते १ एप्रिल ते ३१ मार्चचा, इथे हवा असतो ६ एप्रिल ते ५ एप्रिलचा. आणि दाखला लागतोच, कारण इथल्या रहिवाशाला सर्वसाधारणपणे जगभरच्या उत्पन्नावर इथे कर असतो. अनिवासी भारतीयांच्या एनआरई ठेवीवरचं व्याज भारतात करमुक्त असतं म्हणून कित्येक जण ते इथेही करमुक्त धरून चालतात. ते तसं नाही. नव्यानं आलेल्यांना पहिली चार वर्षं सवलत मागता येते, पण ती घेतली तर १२,५७०ची करमुक्त मर्यादा गमवावी लागते, तेव्हा आधी हिशोब मांडून पाहावा. एनआरओ खात्यावर बँक तीस टक्क्यांहून जास्त टीडीएस कापते, पण दोन्ही देशांतल्या करारानुसार भारतात व्याजावर कमाल १५ टक्के लागू शकतो, आणि इथली वजावटही तेवढ्याचीच मिळते. वरचे पैसे भारतात विवरणपत्र भरून परत मागावे लागतात. किंवा इथल्या कर खात्याकडून रहिवासाचा दाखला आणून आधीच बँकेत द्यावा. 'त्यांना कसं कळणार?' हा प्रश्न जेवणाच्या टेबलावर हमखास निघतो. बँक खात्यांची माहिती दोन्ही देश २०१७पासून आपण होऊन एकमेकांना देतात, असं कळतं.

खर्चाच्या बाबतीत इथला कायदा कंजूष सासऱ्यासारखा आहे. खर्च 'पूर्णपणे आणि केवळ' धंद्यासाठी हवा. ॲन मॅलालू या वकीलबाईंनी कोर्टात घालायच्या काळ्या कपड्यांचा खर्च मागितला. एरवी तो रंग त्या घालत नसत. खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि १९८३मध्ये त्या हरल्या: कपडे अंग झाकायला आणि उबेलाही लागतात! त्याआधी एका सुताराचा दुपारच्या जेवणाचा दावा असाच फेटाळला गेला होता. घरी १० पेन्सांत होणारं जेवण कामावर ४० पेन्सांना पडतं, म्हणून वरचे ३० त्यानं मागितले होते. न्यायालयाच्या मते तो जेवला काम करण्यासाठी आणि जगण्यासाठीही.

६ एप्रिल २०२६पासून नवीन पद्धत लागू आहे. ज्यांची २०२४-२५ची उलाढाल ५०,००० पौंडांच्या वर होती, त्यांनी सॉफ्टवेअरमधून दर तिमाहीला आकडे पाठवायचे. एप्रिल २०२७पासून ही मर्यादा ३०,०००वर येईल, त्यापुढच्या वर्षी २०,०००वर. उलाढाल म्हणजे खर्च वजा करण्याआधीची रक्कम, आणि धंद्याच्या जोडीला मिळालेलं घरभाडंही त्यात धरतात. माझ्या ओळखीतल्या दोघी-तिघींना वाटतंय की आता करही तिमाहीनं भरायचा, म्हणजे जानेवारीचा झटका गेला. तसं काहीच नाही. आकडे तिमाहीला द्यायचे, पैसे पूर्वीसारखेच ३१ जानेवारी आणि ३१ जुलैला.