कल्चर न करता अँटिबायोटिक कशाच्या आधारावर?

गेल्या वर्षी थकीत पगाराच्या दाव्यासाठी एक सफाई कामगार बाई माझ्याकडे आल्या. ठेकेदाराने त्यांचे खाडे दाखवले होते. त्या म्हणत होत्या, "साहेब, मी घरी बसले नव्हते, आजारी होते." पुरावा म्हणून त्यांनी प्लास्टिकची पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली. अडीच महिन्यांत तीन डॉक्टर आणि चार प्रकारची अँटिबायोटिक्स! तक्रार एकच, लघवीची जळजळ. रक्ताचे रिपोर्ट होते, सोनोग्राफीही होती. नव्हता तो फक्त लघवीच्या 'कल्चर अँड सेन्सिटिव्हिटी'चा कागद. पुढे ती तपासणी झाली तेव्हा कळले की चारपैकी तीन औषधांना त्यांच्या शरीरातले जंतू दादच देत नव्हते. लागू पडली ती एक जुनी, स्वस्त गोळी. दावा चालू आहे, पण त्या पिशवीत गेलेली मजुरी कोणत्या कोर्टात मागायची?

ही तपासणी म्हणजे काय, हे आपल्या कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे. रुग्णाची लघवी, पू किंवा रक्त घेऊन त्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवतात. त्याला साधारण एक दिवस लागतो. मग ते जंतू ठरावीक प्रमाणात मिठाच्या पाण्यात मिसळून आगरच्या थाळीवर सारखे पसरतात आणि वर वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या कागदाच्या छोट्या चकत्या ठेवतात. थाळी रात्रभर सुमारे ३५ अंश उष्णतेत राहते. जे औषध चालते, त्याच्या चकतीभोवती जंतू वाढत नाहीत, स्वच्छ वर्तुळ दिसते. जे चालत नाही, त्याच्या चकतीला जंतू अगदी चिकटून वाढतात. वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजून तक्त्याशी ताडतात आणि रिपोर्टवर 'एस', 'आय' किंवा 'आर' लिहितात. 'आर' म्हणजे हे औषध या जंतूंवर निकामी. बाऊअर, कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत १९६६ साली प्रमाणित स्वरूपात मांडली. साठ वर्षांची जुनी, कमी खर्चाची आणि साध्या साहित्याची ही पद्धत आहे. एक खुलासा मात्र केला पाहिजे. सर्वांत मोठे वर्तुळ म्हणजे सर्वांत चांगले औषध, असे नसते. प्रत्येक औषधाचे माप वेगळे असते. म्हणून रिपोर्ट घेऊन परस्पर मेडिकलवर जाऊ नये, डॉक्टरांनाच दाखवावा.

मग ही तपासणी का होत नाही? डॉक्टरांना दोष देणे सोपे आहे. पण रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात, आणि रोजंदारीवरच्या माणसाला दुसऱ्यांदा दवाखान्यात येणे म्हणजे आणखी एक खाडा. शिवाय त्याला आजच बरे होऊन उद्या कामावर जायचे असते. म्हणून 'जोरदार' गोळी दिली जाते. ती लागू पडली नाही की त्याहून जोरदार. सर्दी-खोकला तर बहुतेक वेळा विषाणूंचा असतो, त्यात अँटिबायोटिकचा उपयोगच नसतो, तरीही ते दिले जाते.

कायदा काय म्हणतो? औषध नियमावलीतील 'एच-१' परिशिष्ट १ मार्च २०१४ पासून लागू आहे. सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सासिन यांसारखी औषधे विकताना दुकानदाराने डॉक्टरचे व रुग्णाचे नाव वहीत नोंदवायचे आणि ती वही तीन वर्षे जपायची. नियम चांगला आहे. पण तो चिठ्ठी आहे की नाही एवढेच पाहतो, चिठ्ठी कशाच्या आधारावर लिहिली हे विचारत नाही. जिथे प्रयोगशाळाच नाही, तिथे डॉक्टर तरी आधार कुठून आणणार? 'पश्चिम बंग खेत मजदूर समिती' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच सांगितले आहे की पैशाची अडचण पुढे करून राज्याला जीव वाचवण्याच्या घटनात्मक जबाबदारीतून सुटता येत नाही. तो खटला तातडीच्या उपचारांचा होता. तोच न्याय तपासणीच्या टेबलापर्यंत नेणे हे आपल्या वकिलांचे काम आहे.

मात्र तपासणीची मागणी करताना दुसरी बाजूही विसरता कामा नये. २०१६ च्या अखेरीस पाटण्याची १८ वर्षांची एक क्षयरोगी मुलगी बेडाक्विलिन या औषधासाठी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. नेहमीची औषधे तिच्या जंतूंवर चालत नव्हती. सरकारी संस्थेने आधी ती दिल्लीची रहिवासी नाही हे कारण पुढे केले, मग नव्याने संवेदनशीलता चाचणी हवी म्हणून सांगितले. क्षयाचे जंतू फार सावकाश वाढतात, त्यांच्या कल्चरला काही आठवडे लागतात. तेवढे आठवडे तिच्याकडे नाहीत, असे तज्ज्ञ सांगत होते. जानेवारी २०१७ मध्ये सरकारने औषध द्यायचे मान्य केले. ऑक्टोबर २०१८ मध्ये ती मुलगी गेली. जी चाचणी वेळेवर करायची ती करायची नाही आणि रुग्ण दारात उभा राहिला की तीच अट म्हणून पुढे करायची, याला काय म्हणावे? रक्तात जंतुसंसर्ग पसरलेल्या माणसालाही थांबवता येत नाही. तिथे आधी नमुना घ्यायचा, लगेच औषध सुरू करायचे आणि रिपोर्ट आला की बदलायचे, हाच रिवाज आहे. नमुना मात्र होता होईल तो पहिल्या डोसच्या आधी घ्यायला हवा. नंतर घेतला तर औषधाने दबलेले जंतू थाळीवर उगवतच नाहीत आणि रिपोर्ट 'निरंक' येतो.

आपल्या तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयात कल्चरची सोय आहे का? नसेल तर नमुना कुठे पाठवतात आणि रिपोर्ट किती दिवसांनी मिळतो? गेल्या वर्षभरात किती नमुने गेले? माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाहीत. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. वरचे प्रश्न त्यात सहज बसतात. उत्तर ३० दिवसांत आले नाही, तर पहिले अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे करायचे.